सिगरेट न ओढणाऱ्या बायका, फुफ्फुसाचा कॅन्सर आणि दोन वेगळ्या ‘जीन टेस्ट’

घरातल्या बाईला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला की भेटायला येणारा जो तो एकच विचारतो, “पण त्या कधी सिगरेट ओढत नव्हत्या ना?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण आजारी बाईला मात्र आपणच काहीतरी चुकलो असं वाटू लागतं. पाहुणे गेल्यावर मुली आणि बहिणी आपसात दुसराच प्रश्न काढतात: मग हे आपल्या रक्तातच आहे का? आपण जीन टेस्ट करून घ्यावी का?

उत्तर देण्याआधी एक घोळ निस्तरावा लागेल. ‘जीन टेस्ट’ या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या तपासण्या चालतात. एक धडधाकट माणसाची लाळ किंवा रक्त घेऊन होते आणि ‘तुम्हाला पुढे काय होऊ शकतं’ ते सांगते, किंवा सांगते असा दावा करते. दुसरी कॅन्सर झालेल्या माणसाच्या गाठीच्या तुकड्यावर होते आणि कोणती गोळी लागू पडेल ते सांगते. पहिली बहुतेकींनी करू नये. दुसरी झाल्याशिवाय उपचारांचा निर्णय घेऊ देऊ नये. माझ्या पाहण्यात घरोघरी नेमकं उलट होतं. मुली हौसेनं लाळेची नळी भरून पाठवतात, आणि आईच्या गाठीची तपासणी ‘नंतर बघू’ म्हणून राहून जाते.

आधी जन्मजात जनुकांचं बघू, कारण भीती त्यांचीच जास्त असते.

या विषयावरचं मोठं काम पूर्व आशियात झालं, आणि त्याला कारण होतं. चीन, तैवान, कोरिया, जपान या भागांत फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या बायकांमध्ये कधीच धूम्रपान न केलेल्यांचं प्रमाण फार मोठं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या चिंग लान आणि आशियातल्या अनेक गटांनी मिळून कधीही न ओढणाऱ्या सुमारे ६,६०० रुग्ण स्त्रिया आणि ७,५०० निरोगी स्त्रिया यांचे जनुकसंच ताडून पाहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहाव्या आणि दहाव्या गुणसूत्रांवर मिळून तीन नव्या जागा सापडल्या, जिथला एखाद्या अक्षराचा फरक धोका थोडा वरखाली करतो. आधी माहीत असलेल्या काही जागाही पक्क्या झाल्या. त्यांतली महत्त्वाची पाचव्या गुणसूत्रावरची, टीईआरटी या जनुकाजवळची. गुणसूत्रांची टोकं विभाजनागणिक झिजतात. ती पुन्हा भरून काढणारं विकर याच जनुकाच्या आधारानं बनतं.

त्या अभ्यासात जे सापडलं नाही, तेही तितकंच बोलकं होतं. २००८ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावर, निकोटिनचे ग्राहक ठरवणाऱ्या जनुकांपाशी, फुफ्फुसाच्या कॅन्सरशी जोडलेली एक जागा मिळाली होती आणि तिचा फार गाजावाजा झाला होता. न ओढणाऱ्या बायकांत त्या जागेचा काहीच संबंध दिसला नाही. म्हणजे सिगरेट ओढणाऱ्याचा आणि न ओढणारीचा आजार एकाच अवयवात झाला तरी त्यांची वाट एक नाही.

आता हा धोका वाढतो किती? नव्या तीन जागांपैकी सर्वांत ठळक जागेचा परिणाम एका प्रतीमागे सव्वापटीच्या जरा वर, इतकाच आहे. ‘पट’ ऐकलं की छातीत धस्स होतं, म्हणून हिशेब मांडून बघा. समजा, एका वयोगटातल्या न ओढणाऱ्या १ लाख बायकांपैकी वर्षाला १० जणींना हा आजार होतो (आकडा निव्वळ हिशेबासाठी घेतला आहे). ‘वाईट’ फरक असणाऱ्यांमध्ये ते होतील १३. उरलेल्या ९९,९८७ जणींना तो फरक असूनही काही होणार नाही, आणि ज्या १० जणींना होणारच होतं त्यांना तो फरक नसतानाही झालं असतं. या १३ आणि १० च्या फरकावर कुणीही डॉक्टर कुठलाही निर्णय घेऊ शकत नाही.

लाळेवरून होणाऱ्या ‘वेलनेस’ चाचणीचा अहवाल या पार्श्वभूमीवर वाचायचा असतो. छान गुळगुळीत पानं असतात. केस गळण्यापासून कॉफी पचण्यापर्यंत सगळ्याची एकेक पट्टी असते, आणि मध्येच फुफ्फुसाच्या कॅन्सरसमोर नारिंगी पट्टी: ‘सरासरीपेक्षा जास्त’. शेवटच्या पानावर बारीक टायपात लिहिलेलं असतं की हा अहवाल निदानासाठी नाही. शिवाय असे अंदाज ज्या माहितीवर बेतलेले असतात ती बरीचशी युरोपीय किंवा पूर्व आशियाई लोकांची असते. वर सांगितलेल्या २०१२ च्या अभ्यासातही भारतीय बायका नव्हत्या. तेव्हा सातारच्या किंवा म्हापशाच्या बाईला त्या नारिंगी पट्टीवरून घाबरण्याचं कारण नाही. आणि पट्टी हिरवी आली म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करणं तर त्याहून वाईट.

जन्मजात तपासणीला अर्थ आहे अशी कुटुंबंही आहेत, पण थोडी. घरात पन्नाशीच्या आत अनेकांना वेगवेगळे कॅन्सर झाले असतील, विशेषतः लहान वयात स्तनाचा, हाडाचा, मेंदूचा, तर टीपी५३ या जनुकातला जन्मजात दोष शोधावा लागतो. दुसरा प्रकार त्याहून दुर्मीळ: ईजीएफआर जनुकात टी७९०एम नावाचा बदल. औषधं घेतल्यानंतर गाठीत तो उमटणं नेहमीचं आहे. पण एकही गोळी घेण्याआधीच तो रुग्णाच्या अहवालात दिसला, तर तो जन्मजात असू शकतो, आणि मग रक्ताच्या नात्यातल्यांनी जनुकीय सल्लागाराला भेटावं. इथेसुद्धा लाळेची नळी कुरिअरनं पाठवायची नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी कॅन्सर जेनेटिक्सचं स्वतंत्र क्लिनिक असतं. तिथे आधी तीन पिढ्यांची वंशावळ काढतात आणि मगच कोणाची, कोणती तपासणी करायची ते ठरवतात.

बाकी सगळ्यांसाठी सगळ्यात स्वस्त जनुकीय माहिती म्हणजे घरातला इतिहास. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला असेल, तर धोका साधारण दीडपटीपर्यंत वाढलेला धरतात. तो सगळाच जनुकांमुळे असतो असं नाही, कारण एका घरातली माणसं एकच हवा घेतात. सुनांनी रक्ताच्या बाबतीत निर्धास्त असावं, पण स्वयंपाकघर सासूचंच वापरतात हे विसरू नये.

त्या स्वयंपाकघराकडेच येऊ. वर ज्यांचं नाव आलं त्या चिंग लान यांनी जनुकांच्या दहा वर्षं आधी, २००२ मध्ये, एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागात बायका जवळजवळ ओढतच नाहीत, तरी त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण देशात सर्वांत वरच्या पातळीवर होतं. कारण होता घरात, बिनधुराड्याच्या शेगडीत जळणारा धुरकट कोळसा. काही घरांनी पुढे धुराडं बसवून घेतलं. २१ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी पाहिल्यावर दिसलं की धुराडं बसवलेल्या घरांतल्या बायकांचा धोका ४६ टक्क्यांनी उतरला होता. त्याच शास्त्रज्ञानं शोधलेला जनुकीय फरक धोका सव्वापटीच्या आसपास वाढवतो, आणि भिंतीतून बाहेर काढलेलं एक नळकांडं तो जवळजवळ निम्मा करतं. काय करावं हे ठरवायला मला तरी एवढा पुरावा पुरतो.

आपल्याकडे घरात कोळसा क्वचितच जळतो, पण लाकूड, गोवऱ्या, तुराट्या जळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं घरातल्या कोळशाच्या धुराला ‘निश्चित कर्करोगकारक’ म्हटलं आहे. लाकूडफाट्याचा धूर आणि कडकडीत तापलेल्या तेलात तळताना उठणारी वाफ या दोन्ही एक पायरी खाली, ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहेत. गॅस आला तरी चूल पूर्ण सुटत नाही. भाकरी चुलीवरची लागते, आंघोळीचं पाणी बंबात तापतं, आणि बंबात काय घालायचं याला धरबंध नसतो: प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुनी चप्पल, खोक्यांचे पुठ्ठे. बंब घराबाहेर न्या आणि त्यात लाकडाशिवाय काही घालू नका. शहरातल्या फ्लॅटमध्ये दुखणं वेगळं आहे. कबुतरांसाठी जाळी लावली, धुळीसाठी काच लावली, एक्झॉस्टचं भोक कपाटामागे गेलं. मिरचीची फोडणी टाकल्यावर दिवाणखान्यात बसलेल्याला ठसका लागत असेल, तर धूर बाहेर जात नाही एवढं समजायला यंत्र लागत नाही. तळण असेल तेव्हा खिडकी उघडा, पंखा आधी लावा आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नका.

दुसऱ्याच्या सिगरेटचं म्हणाल तर ते कोडं कधीच सुटलं आहे. जपानचे ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० न ओढणाऱ्या बायकांवर १४ वर्षं लक्ष ठेवलं आणि १९८१ मध्ये दाखवलं की नवरा जितका जास्त ओढतो तितका बायकोचा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ‘मी बाल्कनीत ओढतो’ ही सबब चालवून घेऊ नका, दार उघडंच असतं. मिश्रीचा मुद्दा वेगळा. ‘कधी धूम्रपान केलं नाही’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात. तिचा मुख्य मार बसतो तोंडावर. पण तंबाखूबद्दल विचारलं की डॉक्टरांना ते सांगायला हवं, आणि बहुतेक जणी लाजेनं सांगत नाहीत.

राहिली रस्त्यावरची हवा. २०१३ पासून ती निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत आहे. ती काम कसं करते याचा चांगला उलगडा लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत चार्ल्स स्वाँटन यांच्या गटानं २०२३ मध्ये केला. त्यांना निरोगी दिसणाऱ्या फुफ्फुसाच्या ऊतींमध्येही, जवळजवळ पाचातल्या एका नमुन्यात, ईजीएफआर जनुकाचे कॅन्सरवाले बदल सापडले. वय वाढताना पेशींत असे बदल होतच असतात आणि बहुतेक आयुष्यभर निपचित पडून राहतात. हवेतले सूक्ष्म कण फुफ्फुसात दाह निर्माण करतात, आणि तो दाह या निपचित पेशींना वाढायला लावतो. हे बदल आईकडून आलेले नसतात, लेकीकडेही जात नाहीत. न ओढणाऱ्या बाईच्या आजारात ज्या जनुकाचं नाव डॉक्टर वारंवार घेतात ते बहुधा असं, आयुष्यात पुढे बिघडलेलं असतं. ‘आईच्या रिपोर्टमध्ये ईजीएफआर पॉझिटिव्ह आलंय, आम्हा मुलींची टेस्ट करायची का?’ याचं उत्तर, वर सांगितलेला टी७९०एमचा अपवाद सोडला तर, नाही असंच आहे.

आता दुसऱ्या, म्हणजे गाठीच्या तपासणीचं. इथे पैसे, वेळ आणि चिकाटी खर्च करा.

फुफ्फुसातून सुईनं किंवा दुर्बिणीनं काढलेला तुकडा मेणात बसवतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीत मेणाची वडी, तिच्यात भाताच्या शितापेक्षा लहान करडा ठिपका, आणि कडेला पेशंटचा नंबर. सारी पुढची उपाययोजना त्या ठिपक्यावर असते. तुकडा घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा की जनुकीय तपासण्याही करायच्या आहेत, म्हणजे ते पुरेसा माल घेतील. नाहीतर निदानासाठीच सगळा संपतो, अहवालावर ‘नमुना अपुरा’ येतं आणि पुन्हा सुई टोचावी लागते. दवाखाना बदललात तर ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या, पावती सांभाळा, उन्हात गाडीत ठेवू नका.

अहवालात काय शोधायचं? ‘एडिनोकार्सिनोमा’ हा शब्द असेल, आणि न ओढणाऱ्यांत बहुधा तोच असतो, तर निदान ईजीएफआर, अल्क आणि रॉस-१ या तिन्हींचं उत्तर हवं. एकेक करत बसण्यापेक्षा सगळी जनुकं एकदम वाचणारी एनजीएस ही तपासणी परवडत असेल तर ती बरी, त्यात कमी माल जातो. भारतीय रुग्णांत साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात ईजीएफआरचा बदल सापडतो, आणि न ओढणाऱ्या बायकांत त्याहून जास्त. ‘एक्झॉन १९ डिलिशन’ किंवा ‘एल८५८आर’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर गोळी आहे. हा शोध २००४ चा. जेफिटिनिबसारख्या जुन्या गोळ्या भारतात जेनेरिक मिळतात. नव्या गोळ्या सरस आहेत आणि महाग आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि घरच्यांचा धीर सुटतो. पेशंटची अवस्था फार बिकट नसेल तर तेवढं थांबणं बहुतेक वेळा फायद्याचं असतं. इम्युनोथेरपीची तर घाई करूच नका. ईजीएफआर किंवा अल्कच्या आजारात तिचा उपयोग कमी होतो. शिवाय ती आधी दिली आणि लगेच ऑसिमर्टिनिब ही गोळी सुरू केली तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. ‘रिपोर्टची वाट बघता येईल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. तुकडा मिळणं शक्यच नसेल तर रक्तावरची ‘लिक्विड बायोप्सी’ होते. तिच्यात बदल सापडला तर तो धरायचा, पण नाही सापडला म्हणून तो नाहीच असं मानायचं नाही.

हे सगळं निदान झाल्यावरचं. आपल्याकडे खरा वेळ जातो त्याच्या आधी, आणि तो घेते टीबी. न ओढणारी बाई, खोकला, वजन उतरलेलं, एक्सरेवर डाग, म्हणजे टीबीच, असं समीकरण बसलेलं आहे. टीबी आपल्याकडे इतका आहे की ते अनेकदा बरोबरही निघतं. म्हणून टीबीच्या औषधांना हरकत नाही, पण ती पुराव्यावर सुरू व्हावीत. थुंकी नव्हे, खोकून काढलेला बेडका टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला जाऊ द्या. तपासणीत जंतू न सापडता नुसत्या एक्सरेवरून औषधं सुरू झाली असतील आणि सहा-आठ आठवड्यांत वजन, खोकला, डाग यांपैकी काहीच सुधारत नसेल, तर ‘कोर्स पूर्ण होऊ द्या’ यावर समाधान मानू नका. सीटी स्कॅन आणि तुकडा तपासणं याबद्दल विचारा. फुफ्फुसाभोवती पाणी झालं असेल तर तेही टीबीच्याच खात्यात जातं. ते पाणी काढताना टीबीसाठीच्या एडीए तपासणीबरोबर पेशी बघण्यासाठी, म्हणजे सायटोलॉजीला, पाठवायला सांगा. तेवढ्या एका बाटलीवर कधी कधी निदान होतं.

तीन आठवड्यांहून लांबलेला खोकला, बेडक्यात रक्ताची रेघ, बसलेला आवाज, जिना चढताना नव्यानं लागणारी धाप, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, खांद्यात किंवा पाठीत रात्री ठणकणारं दुखणं: यांतलं काही असेल तर ‘मी कुठे सिगरेट ओढते’ हा विचार मनातून काढून टाका.

आणि काहीच होत नसेल तर? दरवर्षी सीटी काढून घ्यावा का, असं विचारणाऱ्या बऱ्याच भेटतात. कमी किरणांच्या सीटीनं मृत्यू घटतात हे २०११ मध्ये अमेरिकेत दिसलं, पण त्या चाचणीत सगळे सिगरेट ओढणारे किंवा सोडलेले होते. तैवाननं न ओढणाऱ्यांवर प्रयोग केला. घरात आजार असलेले, बंद स्वयंपाकघरात रांधणारे असे सुमारे १२ हजार लोक तपासले, तेव्हा २.६ टक्क्यांत कॅन्सर निघाला. २०२२ पासून त्या सरकारनं घरात हा आजार असणाऱ्यांसाठी तपासणी सुरूही केली. मात्र कधीही न वाढणाऱ्या बारीक गाठीसुद्धा कापल्या जातात का, हा वाद तिथे चालू आहे. आपल्याकडे जुन्या टीबीच्या व्रणांमुळे सीटीवर गाठी दिसणं आणखी सोपं, आणि मग सुया व चिंता. रक्ताच्या नात्यात दोघा-तिघांना आजार असेल तर छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. इतरांनी उगाच करू नये. हेल्थ पॅकेजमधला ‘सीईए’ नावाचा ट्यूमर मार्कर यासाठी कामाचा नाही, आणि साधा एक्सरे नॉर्मल आला म्हणून खात्री धरता येत नाही.

ज्या घरात असा एक रुग्ण झाला आहे, त्यांनी एक कागद करून ठेवावा. कोणाला झाला, कितव्या वर्षी, कोणत्या प्रकारचा, गाठीच्या अहवालात कोणता बदल होता, घरात चूल होती का, कोण ओढत होतं. पुढे कुठल्याही बहिणीला किंवा मुलीला छातीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जावं लागलं, तर तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावा आणि आपणहून पुढे करा. न ओढणाऱ्या बाईला हा प्रश्न डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही.